चढणीच्या चार रात्री

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मी मुरुडचा. मुरुड म्हटलं की बहुतेकांना जंजिऱ्याचं मुरुड आठवतं. ते रायगड जिल्ह्यात. आमचं मुरुड रत्नागिरी जिल्ह्यातलं, दापोली तालुक्यातलं, महर्षी धोंडो केशव कर्व्यांचं मुरुड. नारळी-पोफळीच्या वाड्या, दुर्गादेवीचं देऊळ आणि लांबच लांब किनारा. सुट्टीला येणारे पाहुणे समुद्राकडे तोंड करून बसतात आणि मासा म्हटला की त्यांना हर्णैच्या बंदरावरचा लिलाव आठवतो. आज मी तुम्हाला समुद्राकडे पाठ करून डोंगराकडे बघायला सांगणार आहे. कारण मला बोलायचं आहे ते आमच्या वहाळांत, पऱ्यांत आणि भाताच्या खाचरांत अंडी घालायला येणाऱ्या माशांबद्दल. कोकणात त्यांना चढणीचे मासे म्हणतात. रायगड-ठाण्याकडे वलगणीचे मासे म्हणतात.

मी सात-आठ वर्षांचा असेन. मृग लागून दोन-तीन दिवस झाले होते. दुपारपासून पाऊस नुसता कोसळत होता. रात्री जेवणं आटोपून आम्ही अंथरुणावर पडलो, तेवढ्यात बाहेरून कोणीतरी ओरडत गेलं, "मासं चढलं रं, मासं चढलं!" वडील उठले, डोक्यावर इरलं घेतलं, गॅसबत्ती पेटवली. मी हट्ट करून त्यांच्या मागे निघालो. वहाळ ओलांडून आम्ही मळ्यात पोचलो. सकाळपर्यंत जिथे कोरडी ढेकळं होती तिथे घोटाभर पाणी वाहत होतं, आणि त्या पाण्यात, गवतातून, बांधाच्या तोंडातून, वाट मिळेल तिथून मासे वर चढत होते. काहींची पाठ पाण्याबाहेर दिसत होती. बत्तीच्या उजेडात ती लखलखायची. वाडीतली निम्मी माणसं तिथे जमली होती. कोणाकडे पाग, कोणाकडे बांबूच्या कामट्यांचा सापळा, कोणाकडे नुसती टोपली.

दुसऱ्या दिवशी घराघरातून एकच वास. आमच्याकडे आजीने गाबोळी तव्यावर परतली होती. ती चव अजून जिभेवर आहे, हे कबूल केल्याशिवाय पुढचं काही बोलणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. त्या रात्रीही मला पुन्हा जायचं होतं. आजी म्हणाली, "येकदा खाल्लं ना? आता पुरं. पोटुशी असतात ती." आजी शाळेत गेली नव्हती. मी पुढे प्राणिशास्त्र शिकलो आणि तीस वर्षं शिकवलं. आजीच्या त्या वाक्याचा अर्थ मात्र मला निवृत्तीनंतर कळला.

मासे चढतात ते का? उन्हाळ्यात आमचे वहाळ आटतात. खडकातल्या खोल डोहात, म्हणजे कोंडात, तेवढं पाणी राहतं. सगळे मासे तिथे दाटीवाटीने दिवस काढतात. पाऊस सुरू झाला की पाणी थोडं थंड होतं, गढूळ होतं, त्यातले क्षार पातळ होतात, प्रवाहाचा जोर वाढतो. माशाच्या शरीराला ही खूण पुरेशी असते. मेंदूच्या तळाशी वाटाण्याहूनही लहान अशी एक ग्रंथी असते. तिच्यातून पाझरणारे स्राव अंडी पक्व करतात आणि मासा प्रवाहाच्या उलट दिशेने निघतो. आपल्याकडे पहिलटकरीण बाळंतपणाला माहेरी जाते, तसंच म्हणा ना. उन्हाळ्याचं घर कोंड, बाळंतपणाचं माहेर खाचर आणि मधली वाट म्हणजे वहाळ.

आता खाचरंच का? तिथलं पाणी उथळ असतं, उन्हाची तिरीप आली की लवकर कोमट होतं. कुजलेलं गवत, शेणखत यांमुळे त्यात सूक्ष्म जीव लगेच वाढतात. नुकत्या जन्मलेल्या पिलाला हेच अन्न. मोठे, पिलं खाणारे मासे तिथे कमी पोचतात. प्रवाहाचा मारा नसतो. एकूण काय, पिलांना वाढायला ही जागा सोयीची.

पण सगळे मासे एकाच पद्धतीने अंडी घालत नाहीत. लहान खवल्यांचे मासे पाण्यात बुडालेल्या गवताला, पानांना अंडी चिकटवतात. मरळ थोडी संथ जागा बघते. वनस्पती बाजूला सारून घरटं करते. तिची अंडी वर तरंगतात आणि आईबाप पहारा देतात. पिलांचा लालसर थवा पाण्यावर दिसला की खाली मरळ आहे असं खुशाल समजावं. मागूर चिखलात, बांधाच्या कडेला बीळ करून त्यात अंडी घालतो. डोंगराकडच्या खळाळत्या पाण्यातले चिमुकले मासे गोट्यांच्या फटी शोधतात. नदीतला मोठा मासा म्हणजे महसीर, ज्याला आपल्याकडे खडस म्हणतात. तोही स्वच्छ, वाहत्या पाण्यातल्या गोट्या-वाळूवर अंडी सोडतो. अंडी जड असतात, ती गोट्यांमध्ये जाऊन बसतात. आणि अहीर नावाचा सापासारखा लांबडा मासा तर सगळ्यांच्या उलट वागतो. तो आयुष्यभर गोड्या पाण्यात राहतो आणि अंडी घालायला समुद्रात जातो. त्याची पिलं मग खाडीतून वर येतात. म्हणजे आपला वहाळ हा एकेरी रस्ता नाही. त्यावर दोन्ही बाजूंनी ये-जा असते.

हे सगळं पुस्तकात मी वर्गाला शिकवलेलंच होतं. निवृत्त होऊन गावी आलो तेव्हा वाटलं, आता आपल्याच गावच्या माशांची अंडी घालण्याची ठिकाणं नोंदवावीत. मोठ्या उत्साहाने पहिल्या पावसाळ्यात रोज सकाळी नऊ वाजता छत्री, वही, थर्मामीटर घेऊन वहाळावर जाऊ लागलो. आठ दिवस गेले, मला काहीच दिसलं नाही. वाडीतले एक आबा गुरं घेऊन तिथून जायचे. नवव्या दिवशी ते थांबले. म्हणाले, "सर, मासं काय हापिसात जात्यात का, नवाला यायला?" मग त्यांनीच सांगितलं. पहिला मोठा पाऊस पडून वहाळाचं पाणी खाचराच्या पाण्याला मिळालं पाहिजे. तोपर्यंत मासा निघत नाही. बहुतेक चढण रात्रीची किंवा पहाटेची. आणि गावची मोठी चढण संपायला तीन-चार रात्री पुरतात. पुढे श्रावणापर्यंत थोडे थोडे मासे चढत राहतात, काही जाती उशिरा निघतात, पण मोठी गर्दी त्या पहिल्या रात्रींची. माझा पहिला हंगाम अशा रीतीने फुकट गेला. दुसऱ्या वर्षी मी आबांना गुरू केलं.

श्रोतेहो, माशांच्या अंडी घालण्याच्या जागांचा अभ्यास हा काही माझा एकट्याचा छंद नव्हे. जगात, विशेषतः उत्तरेकडच्या थंड देशांत, त्याचं मोठं शास्त्र झालेलं आहे. नॉर्वे, स्कॉटलंड, कॅनडा या देशांत सामन नावाचा मासा समुद्रातून नदीत चढतो. शरद ऋतूत मादी शेपटीच्या फटक्यांनी नदीतळाच्या गोट्यांत खड्डा करते, त्यात अंडी घालते आणि पुन्हा गोटे सारून झाकते. संशोधक नदीकाठाने मैलोन्मैल चालतात आणि असे खड्डे मोजतात. गोट्यांचा आकार, पाण्याची खोली, प्रवाहाचा वेग, तापमान, सगळं टिपतात. कारण ही अंडी पूर्ण हिवाळाभर गोट्यांखाली असतात, वसंतात फुटतात. तेवढे महिने गोट्यांमधून स्वच्छ, थंड पाणी खेळतं राहावं लागतं. वर गाळ बसला तर अंडी गुदमरतात.

तिथल्या तळ्यांत आणि मंद नद्यांत पाइक नावाचा मासा असतो. बर्फ वितळून काठचं गवत पाण्याखाली गेलं की तो त्या उथळ गवतात चढतो आणि अंडी घालतो. वाचताना मला एकदम आमची खाचरंच आठवली. स्वीडनमध्ये बाल्टिक समुद्राच्या किनाऱ्यावर शेतीसाठी अशा गवताळ पाणथळ जागा कोरड्या केल्या गेल्या होत्या आणि पाइक कमी झाला होता. आता तिथे काही ठिकाणी मुद्दाम पाणी अडवून त्या जागा पुन्हा तयार केल्या आहेत आणि पाइकची पिलं तिथून पुन्हा समुद्राकडे जाऊ लागली आहेत. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात एल्व्हा नावाची नदी आहे. तिच्यावरची दोन जुनी धरणं 2011 ते 2014 या काळात पाडून टाकण्यात आली. उद्देशांपैकी एक मोठा उद्देश हाच, की सामन माशाला वर जाता यावं. सुमारे शंभर वर्षं बंद असलेल्या वाटेने मासे पुन्हा वर गेले.

हे वाचून मी आमच्याकडे आणि त्यांच्याकडे काय फरक आहे याचा विचार करू लागलो. तिकडच्या अंड्यांना महिनेच्या महिने लागतात. आपल्याकडच्या ऊबदार पाण्यात रोहूचं अंडं साधारण पंधरा ते वीस तासांत फुटतं, महसीराचं तीन-चार दिवसांत. म्हणजे त्यांना माशाची काळजी सगळा हिवाळा वाहावी लागते. आपल्याला मोजक्या रात्री वाट मोकळी सोडायची आहे आणि पुढे काही आठवडे खाचरातल्या पिलांना सांभाळायचं आहे. एवढं सोपं काम आपल्या वाट्याला आलं आहे. पण त्याच्या उलटही खरं. त्या मोजक्या रात्री वाट बंद राहिली, किंवा चढणारा प्रत्येक मासा टोपलीत गेला, तर त्या वर्षीची पिढीच गेली.

कोणी म्हणेल, आता मत्स्यबीज केंद्रं आहेत, कृत्रिम पैदास होते, मग एवढी चिंता कशाला? कृत्रिम पैदाशीचं महत्त्व मी नाकारत नाही. रोहू, कटला, मृगळ हे गंगेच्या खोऱ्यातले मासे पुरात, नदीकाठच्या उथळ पाण्यात अंडी देतात. तळ्यात वाढतात, पण बांधलेल्या पाण्यात सहसा अंडी देत नाहीत. म्हणून पूर्वी नदीतूनच बीज गोळा करावं लागे. 10 जुलै 1957 या दिवशी ओडिशात कटकला डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच मेंदूतल्या ग्रंथीचा अर्क टोचून कार्प जातीच्या माशांकडून अंडी घालून घेतली. देशातल्या मत्स्यशेतीचं रूप त्या दिवसापासून पालटलं. म्हणूनच 10 जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. आपल्याकडे लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या वीज कंपनीने 1970 च्या दशकापासून महसीराची पैदास करून बीज ठिकठिकाणच्या जलाशयांना दिलं आहे. हे सगळं मोलाचं आहे. पण ही केंद्रं माणसाला हव्या असलेल्या चार-सहा जातींचं बीज करतात. आमच्या वहाळातल्या मळ्याचं, शिंगटीचं, डाकूचं बीज कोणी करत नाही आणि करणारही नाही. ते बीज फुकट तयार करणारं केंद्र म्हणजे आमची खाचरं.

शिवाय नदीच तोडली तर केंद्र काय करणार? बंगालचा लाडका हिलसा पूर्वी गंगेतून अलाहाबादच्या, म्हणजे आताच्या प्रयागराजच्याही वर चढत असे. 1975 साली फराक्का बंधारा सुरू झाला आणि वरच्या गंगेतला हिलसा जवळजवळ संपला. मोठ्या नदीचं हे उदाहरण सगळ्यांना ठाऊक आहे. लहान वहाळांत तेच होतं. फक्त त्याची बातमी होत नाही.

आमच्याकडचं उदाहरण सांगतो. वहाळावर पूर्वी दगडी साकव होता. खालून पाणी मोकळं वाहायचं. काही वर्षांपूर्वी तिथे नळाची मोरी झाली. रस्ता हवाच होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण नळ बसवला तो वहाळाच्या तळापेक्षा हातभर उंच. पाणी नळातून खाली धबधबा पडावा तसं पडू लागलं. पुढच्या पावसाळ्यात मी आबांबरोबर बत्ती घेऊन गेलो, तर मोरीखाली मासे नुसते खदखदत होते. उड्या मारत होते, नळाच्या काठावर आपटून परत पडत होते. लोकांना तर सोयच झाली. पाग टाकायचीही गरज नाही, टोपली धरायची. त्या वर्षी गावाने भरपूर मासे खाल्ले. पुढच्या वर्षी कमी. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी कमी. वरच्या खाचरांत तर मळ्या औषधालाही दिसेना. वरच्या वाडीतल्या बायका म्हणू लागल्या की आताशा डास फार झालेत. डासांचं खापर मी एका मोरीवर फोडणार नाही, त्याला अनेक कारणं असतात. पण हे लहान मासे डासांच्या अळ्या खातात, एवढं नक्की.

मग उपाय काय केला? मोठा काही नाही. माझ्याबरोबर शाळेतली काही मुलं नोंदी करायला यायची. त्यांतल्या एका मुलीने विचारलं, "आजोबा, मासा उडी मारू शकत नसेल तर आपण पाणी वर आणू शकत नाही का?" मे महिन्यात आम्ही वाडीतल्या दहा-बारा माणसांनी मिळून मोरीच्या खाली मोठे दगड पायऱ्या-पायऱ्यांनी रचले. त्यामुळे खालचं पाणी साठून नळाच्या तोंडापर्यंत चढलं. पहिल्याच मोठ्या पावसात निम्मे दगड वाहून गेले. पुढल्या वर्षी जांभ्याचे अधिक जड चिरे खोचून बसवले. ते टिकले. त्या जूनमध्ये एका पहाटे मोरीच्या वरच्या अंगाला, गवतात, मासे दिसले. फार नव्हते. पण आबांनी मला न बोलता हाताने दाखवले, तो क्षण माझ्या तीस वर्षांच्या शिकवण्याएवढा मोठा होता.

म्हणून माझं बांधकाम करणाऱ्या सर्वांना सांगणं आहे. मोरी बांधायला हरकत नाही. फक्त नळ वहाळाच्या तळाला टेकवा, किंवा थोडा तळाखालीच ठेवा. खर्च फारसा वाढत नाही. बंधाऱ्यांचंही तसंच. आपल्याकडे पावसाळा संपताना मातीच्या गोण्या रचून वनराई बंधारे घालतात. ते पुढच्या पावसात निघून जातात, माशाला आडवे येत नाहीत. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याला फळ्या असतात. त्या मृगाआधी वेळेवर काढल्या, तर नदी मोकळी. ज्याने ही फळ्यांची युक्ती काढली त्याने माशाचा विचार केला नसेल, पण माशाचं भलंच केलं आहे. अडचण होते ती बारमाही उभ्या राहणाऱ्या सिमेंटच्या भिंतींची. तिथे कडेने एक उतरती, खडबडीत वाट ठेवली तरी पुष्कळ काम होतं.

दुसरा प्रश्न गाळाचा. 22 जुलै 2021 रोजी चिपळूण पाण्याखाली गेलं. ते दुःख ज्यांनी भोगलं त्यांना मी गाळ काढू नका असं कुठल्या तोंडाने सांगू? वाशिष्ठी आणि शिव नदीतला गाळ काढला गेला, तो काढायलाच हवा होता. पण आता गावोगावच्या लहान पऱ्यांत यंत्र घालून तळ सपाट करण्याची हौस वाढली आहे. गाळ वेगळा आणि नदीचा तळ वेगळा. गोटे, वाळूचे पट्टे, डोह काढून टाकले तर नदी गटारासारखी सरळ होते. मग अंडी घालायला गोटा नाही आणि उन्हाळा काढायला कोंड नाही. गाळ काढावा, पण कोंड आणि गोटे ओळखून, राखून काढावा. त्यासाठी ते कुठे आहेत हे आधी माहीत पाहिजे.

तिसरी गोष्ट म्हणजे पाण्यात विष किंवा सुरुंग. 1897 सालच्या कायद्याने या दोन्ही गोष्टींना बंदी आहे. सव्वाशे वर्षं झाली, तरी कुठल्यातरी कोंडात कीटकनाशक ओतल्याचं कानावर येतंच. कोंडात उन्हाळा काढणारे मासे म्हणजे पुढच्या चढणीचं बियाणं. शेतकरी उपाशी राहील, पण बियाण्याचं भात दळायला देत नाही. मग हे बियाणं आपण का संपवतो?

आता सर्वांत नाजूक विषयाकडे येतो. चढणीचे मासे खावेत की नाही? एकदा ग्रामपंचायतीच्या चौथऱ्यावर मी हा विषय काढला. एकजण म्हणाला, "सर, तुम्ही पेन्शनीत. बाजारातनं सुरमई आणाल. आमच्या घरात वर्षातनं दोन दिस हेच ताजं मासं." त्याचं खोटं नव्हतं. पाऊस लागला की समुद्रावरची मासळी बंद, मजुरी नाही, घरात धान्य मोजून. अशा वेळी दारात आलेला मासा गरिबाने सोडावा, हे सांगायला मला लाज वाटते. पण मी त्याला विचारलं, "पूर्वी आपल्या वाडीत पाग किती होते?" तो म्हणाला, "दोन." आणि आता? आता घरटी नायलॉनचं जाळं आहे, बारीक आसाचं, वहाळाच्या या काठापासून त्या काठापर्यंत लागणारं. बॅटरीचा झोत आहे. मोटारसायकलवरून तालुक्याच्या गावाहून माणसं येतात. भ्रमणध्वनीवरून निरोप पोचतो आणि अर्ध्या तासात वहाळ भरतो. तेव्हा माणसं खाण्यापुरतं धरत, कारण साधनंच तेवढी होती. आता तो आवर आपण स्वतः घालावा लागेल.

त्या दिवशी बरीच वादावादी झाली आणि तोडगा आबांनी काढला. ते म्हणाले, "चढतीला सोडा, उतरतीला धरा." भाद्रपद-आश्विनात पाणी ओसरू लागलं की मासे खाचरातून परत वहाळात उतरतात. त्या वेळी त्यांची अंडी घालून झालेली असतात, बरोबर नवी पिलंही असतात. मोठ्या आसाचं जाळं लावलं तर पिलं निसटतात आणि मोठे मासे मिळतात. शास्त्राच्या दृष्टीनेही यात मला खोट दिसली नाही. गाबोळी मिळणार नाही एवढाच काय तो तोटा. आमच्या वाडीने ठरवलं, की पहिल्या मोठ्या पावसानंतर चार रात्री कोणी जाळं लावायचं नाही आणि वहाळाचं पूर्ण पात्र तर कधीच अडवायचं नाही. सगळेच पाळतात असं मी म्हणणार नाही. दोन वर्षांपूर्वी एकाने रात्री जाळं लावलं, सकाळी भांडण झालं. पण भांडण झालं, हीच मला प्रगती वाटते. पूर्वी तो भांडणाचा विषयच नव्हता.

असा आवर आपल्याला नवा नाही. समुद्रात महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर गेली काही वर्षं 1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंदी असते. कारणांपैकी एक हेच, की हा अनेक माशांच्या विणीचा काळ. कोळी बांधव नारळी पौर्णिमेला नारळ वाहतात आणि मग दर्यात जातात. कायदा नंतर आला, ही रीत आधीची. 2023 साली महाराष्ट्र सरकारने 54 जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला. त्याहून लहान मासा धरायचा नाही. त्याच वर्षी पापलेटला राज्यमासा घोषित केलं. समुद्राच्या माशाला एवढा मान आहे. वहाळातल्या माशाला मात्र वाली नाही.

देवाच्या नावाने राखलेली पाणीही आपल्याकडे आहेत. महाड तालुक्यात काळ नदीवर वाळणकोंड आहे. वरदायिनी देवीचे मासे म्हणून तिथल्या महसीरांना कोणी हात लावत नाही. लोक त्यांना चुरमुरे घालतात आणि हातभर लांबीचे मासे वर येतात. वाडा तालुक्यात वैतरणेच्या काठी तिळसेश्वराच्या देवळापाशीही असेच राखलेले मासे आहेत. आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमाशी, देवळाच्या कुंडात, 2020 साली संशोधकांनी माशाची एक नवी जात नोंदवली. 2021 साली सरकारने ती जागा जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. म्हणजे श्रद्धेने जे राखलं होतं त्याच्यावर शास्त्राने आणि कायद्याने शिक्कामोर्तब केलं. आमच्या किनाऱ्यावर तर याहून जवळचा धडा आहे. वेळास, आंजर्ले या गावांत कासवांची अंडी लोक पूर्वी उकरून नेत. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 च्या सुमारास काम सुरू केलं, गावकरी पुढे आले, आणि आज तीच गावं पिलं समुद्रात सोडण्याचा सोहळा करतात. वाळूतल्या अंड्यांसाठी जे जमलं ते पाण्यातल्या अंड्यांसाठी का जमू नये?

सुरुवात कुठून करायची? मी एकच गोष्ट सुचवतो. 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. आपल्या गावच्या वहीत चढणीची एक पानभर नोंद करा. कुठला कोंड उन्हाळ्यात आटत नाही. मासे कुठल्या वाटेने चढतात. कुठल्या खाचरात अंडी घालतात. वाट कुठे अडली आहे. पहिली चढण कुठल्या तारखेला झाली. गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा, त्यांच्याकडे ही सगळी माहिती आहे आणि ती त्यांच्याबरोबर जाण्याआधी उतरून घ्या. मासे ओळखायला अडचण आली तर दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ आणि त्याचं रत्नागिरीचं मत्स्य महाविद्यालय जवळच आहे. मुलांना बरोबर घ्या. थर्मामीटर, दोरी, पट्टी आणि वही, याहून जास्त सामान लागत नाही. उद्या तिथे मोरी किंवा बंधारा व्हायचा असेल, तर ते पान पुढे ठेवता येईल.

महर्षी कर्व्यांनी आमच्या गावच्या सार्वजनिक कामांसाठी 'मुरुड फंड' सुरू केला होता. गावाचं भलं गावानेच थोडं थोडं बाजूला काढून करायचं, ही त्यामागची दृष्टी. चढणीच्या चार रात्री बाजूला काढणं हेही मला त्याच जातीचं काम वाटतं.

आबा गेल्या वर्षी गेले. यंदाच्या मृगात मी आणि माझा नातू मोरीवर उभे होतो. बॅटरी बंद ठेवली होती. अंधारात फक्त पाण्याचा आवाज होता आणि त्यात मधूनच माशाची चुळूक. नातवाने विचारलं, "आजोबा, धरूया का एक?" मी म्हटलं, "आश्विनात येऊ." तो म्हणाला, "नक्की?" मी म्हटलं, "नक्की."